श्रवणबेळगोळ: आईचं दर्शन आणि फळ्यावरची ओळ

मी सांगलीत मराठी शिकवते. 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही ओळ इतकी वर्षं फळ्यावर लिहिली, पण ज्या दगडावर ती आहे तो दगड काही पाहिला नव्हता. तो कर्नाटकात श्रवणबेळगोळला, गोमटेशाच्या म्हणजे बाहुबलीच्या मूर्तीच्या पायाशी. आईला त्याच गोमटेशाचं दर्शन घ्यायचं होतं. २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला गर्दीच्या भीतीने आम्ही तिला नेलं नाही आणि पुढचा अभिषेक बारा वर्षांनी. ती रुखरुख मनात होतीच. या जानेवारीत शेवटी निघालो.

मिरजेहून रात्रीची गाडी धरली, सकाळी अरसीकेरेला उतरलो. तिथून एसटीने चन्नरायपट्टण आणि पुढे दुसऱ्या गाडीने बेळगोळ. आईचं माहेर निपाणीकडचं, त्यामुळे कानडीची जबाबदारी तिच्यावर. दुपारपर्यंत धर्मशाळेत खोली मिळाली. इथे सूर्यास्ताआधी जेवण उरकतात, हे लक्षात ठेवून दिवस आखावा.

गावात मधोमध कल्याणी म्हणजे पायऱ्यांचं तळं, आणि दोन बाजूंना दोन डोंगर. बिळी कोळ, पांढरं तळं, यावरून बेळगोळ. चार वाजता आधी लहान डोंगर, चंद्रगिरी चढलो. मगधातल्या बारा वर्षांच्या दुष्काळात भद्रबाहू मुनी संघ घेऊन दक्षिणेत आले, त्यांच्याबरोबर चंद्रगुप्त मौर्यही आला आणि इथेच त्याने सल्लेखना, म्हणजे उपवास करत देह ठेवण्याचं व्रत, घेतली, अशी परंपरा आहे. त्याच्या नावाच्या बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, दगडी जाळीवर ही कथा बारीक चौकटींमध्ये कोरली आहे. पायाखालच्या खडकावरही जागोजाग लेख आहेत. या गावात आणि परिसरात पाचशेहून जास्त शिलालेख आहेत, सगळ्यात जुना इसवी सन ६०० च्या आसपासचा. मोठ्या डोंगरावरच्या मूर्तीसाठी आलेले लोक चंद्रगिरी सोडून परत जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मोठा डोंगर, विंध्यगिरी. खडकातच खोदलेल्या साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या, आणि चप्पल खालीच काढायची. दहानंतर जानेवारीतसुद्धा दगड चटके देतो, म्हणून सकाळीच जा आणि जाड पायमोजे जवळ ठेवा. मी डोलीची चौकशी केली.

"कशाला? कुंभोजचा डोंगर चढते की मी," आई म्हणाली. कुंभोज म्हणजे आमच्याकडचं, कोल्हापूर जिल्ह्यातलं बाहुबलीचं ठिकाण.

मी आग्रह धरला नाही. ती लोखंडी कठड्याला धरून वीस-वीस पायऱ्या चढायची, उभी राहायची, णमोकार मंत्र म्हणायची आणि पुन्हा निघायची. वर पोचायला सव्वा तास लागला. घाई करणाऱ्यांना वाट देत चढलं की वयस्कर माणसालाही जमतं, हे मी स्वतः पाहिलं.

आत शिरल्यावर आई एकदम थांबली. कुंभोजची मूर्ती २८ फुटांची, तिच्यापुढे आम्ही लहानपणापासून उभे राहिलोय. ही ५७ फुटांची, एकाच पाषाणातली. गंग राजा राचमल्लाचा मंत्री आणि सेनापती चामुंडरायाने ९८१ च्या सुमारास घडवून घेतलेली. भावाला हरवून, जिंकलेलं राज्य टाकून उभा राहिलेला बाहुबली. पायाशी वारुळं, त्यातून निघालेले साप, आणि मांड्यांवरून दंडापर्यंत चढलेली माधवीची वेल. एक पान वळतं तिथे दगड इतका पातळ उतरवलाय की त्याची कड हलेल असं वाटावं. आईने हात जोडले आणि बराच वेळ काही बोलली नाही.

मूर्तीच्या पायांचा रोजचा अभिषेक झाल्यावर मी पुजाऱ्यांना ओळ विचारली. त्यांनी वारुळाच्या दगडाकडे बोट दाखवलं. एका बाजूला कानडी आणि तमिळ, दुसऱ्या बाजूला नागरी. ठळक, टपोरी अक्षरं. 'श्री' तर कालच लिहिल्यासारखं. ही मराठीतली पहिली लिहिलेली ओळ असं आम्ही शिकलो. आता रायगड जिल्ह्यातल्या अक्षीचा १०१२ चा लेख जुना मानतात, आणि इथल्या दोन्ही मराठी ओळी, ही आणि हिच्या जोडीची, बाराव्या शतकात होयसळांचा सेनापती गंगराज याच्या वेळी कोरल्या असाव्यात असं अभ्यासक सांगतात. तिथे उभी असताना मला त्याने काही फरक पडला नाही. इतक्या दूर, कानडी मुलखात, कुणाला तरी वाटलं की हे मराठीतही लिहिलं पाहिजे.

पुजाऱ्यांनी कानडी ओळ वाचून दाखवली, "श्रीचामुण्डराजं माडिसिदं."

"माडिसिद म्हणजे करवून घेतलं," आई लगेच म्हणाली.

म्हणजे 'करवियलें'च. मग मी तिला दुसरी मराठी ओळ वाचून दाखवली, 'श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें'. सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीचा आवार, हे मी वर्गात पाठ केल्यासारखं सांगत आले होते.

"सुत्त म्हणजे भोवती गं. कानडीच आहे ते," आई म्हणाली.

इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आई मात्र तोवर उठली होती. पदर सावरून गंगराजाने बांधलेल्या त्याच सुत्तालेतून, ओवरीतल्या तीर्थंकरांना एकेक हात जोडत, तिची प्रदक्षिणा सुरू झाली होती.