मॅनेजमेंटला आहे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नुसतं तुम्हीच विचारलंत असं नाही. इथल्या, इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या काकू विचारतात, जुन्या ऑफिसातले लोक विचारतात, लग्नकार्यात भेटणाऱ्या आत्या-मावश्या विचारतात. रात्री दोन वाजता झोप न लागलेले पेशंटसुद्धा विचारतात. प्रश्न एकच असतो: पंख्याखाली बसून करायची चांगली नोकरी सोडून पस्तिशीला नर्स कशाला झालात? काही जणी "केवढं गं धाडस" इथून सुरुवात करून "पण घरचे काही बोलले नाहीत?" इथवर येतात. काही आडपडदा न ठेवता विचारतात, "घाण नाही वाटत?"

आजवर मी याची चार-पाच वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. सगळ्यात जास्त खपलेलं उत्तर बाबांचं. बाबा शेवटचे आजारी होते, तेव्हा एका सिस्टरनं त्यांचं फार प्रेमानं केलं, तेव्हाच ठरवलं, वगैरे. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात आणि पुढचा प्रश्न येत नाही. बाबा आजारी होते हे खरं. ती सिस्टर चांगली होती हेही खरं. पण बाबा गेले 2009 मध्ये आणि मी नर्सिंगला प्रवेश घेतला 2016 मध्ये. मधली सात वर्षं हा सेवाभाव कुठे झोपा काढत होता?

तर खरं काय ते सांगते. जमेल तितकं.

इंदूरच्याच पलासिया भागातल्या एका ऑफिसात मी अकरा वर्षं मेडिक्लेमच्या फायली तपासल्या. हॉस्पिटलातून केस पेपर यायचे, ते वाचायचे, काही कमी असेल तर क्वेरी काढायची, क्लेम बसत नसेल तर का बसत नाही ते दोन ओळींत लिहायचं. "नुसत्या तपासण्यांसाठी ॲडमिशन" हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. मी कामात चांगली होते, बरं का. फायलीत डॉक्टरांच्या नोंदी असतात, बिलं असतात, रिपोर्ट असतात, आणि मागे कुठेतरी नर्सिंग नोट्स असतात, तिरक्या घाईच्या अक्षरात. पहाटे 3. पेशंट झोपलेला नाही. मुलगा कधी येणार विचारतो. ड्यूटी डॉक्टरांना कळवलं. अख्ख्या फायलीत माणूस असा त्याच पानावर भेटायचा. ते पान मी कामापेक्षा जास्त वेळ वाचत बसायचे. त्या मुलाची वाट बघणाऱ्याचा क्लेम मीच नाकारला. जुना मधुमेह फॉर्मवर लिहिलेला नव्हता. नियमानं बरोबरच होतं ते.

म्हणून मला त्या नोंदी लिहिणारी व्हायचं होतं, असं मी मध्यंतरी सांगायला लागले होते. छान वाटतं ऐकायला. पण नर्सिंगला गेले त्याच वर्षी माझं प्रमोशन हुकलं होतं, नवा साहेब माझ्याहून सहा वर्षांनी लहान होता आणि मला "मॅडमजी, थोडा फास्ट" म्हणायचा. हे मी सांगत नाही. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात साधी. मावशीच्या मुलीसाठी मी जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाचं, माहितीपत्रक आणलं होतं. त्यात लिहिलं होतं, वयाची कमाल मर्यादा 35. बारावी कॉमर्सची असली तरी चालते, 40 टक्के हवेत. मला चौतीस पूर्ण होऊन चार महिने झाले होते. मावशीची मुलगी बी.कॉम.ला गेली. मर्यादा 40 असती तर मी आणखी पाच वर्षं विचार करत बसले असते आणि आज तुम्हाला मेडिक्लेमचे सल्ले देत असते.

तीन वर्षांचं फार सांगत नाही. वर्गातल्या मुली अठरा-एकोणीसच्या. पहिल्या महिन्यात मला आंटी म्हणायच्या, मग दीदी. हातात दिवा घेऊन शपथ घेतली त्या दिवशी माझा दुसरीतला मुलगा समोर बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. पहिल्या पन्नास कॅन्युला, म्हणजे सलाइनसाठी शिरेत घालायच्या नळ्या, तरी मी फुकट घालवल्या असतील. गुलाबी वीस नंबरची, निळी बावीसची, हे पाठ असून काय उपयोग, शीर हाताला लागली पाहिजे ना. चोवीस वर्षांची इनचार्ज सगळ्या वॉर्डासमोर ओरडायची, आणि तिचं बरोबर असायचं.

पैशांचंही विचारता म्हणून सांगते. ऑफिसात शेवटी 38,000 मिळत होते, नर्स म्हणून पहिला पगार 12,000. 2016 मध्येच सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीनं शिफारस केली होती की 50 खाटांच्या आतल्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला 20,000 पेक्षा कमी देऊ नये. मी ती शिफारस छापून पर्समध्ये ठेवली होती. पर्समध्येच राहिली. आणि मध्य प्रदेशातल्या बोगस नर्सिंग कॉलेजांचं प्रकरण हायकोर्टात गेलं, सीबीआयनं तपासणी केली, पुढे 2024 मध्ये त्या तपासणीतले सीबीआयचेच लोक लाच घेताना पकडले गेले, तेव्हा तुमच्यापैकी निदान सहा जणींनी मला हसत हसत विचारलंय, "तुझं सर्टिफिकेट खरं आहे ना गं?" खरं आहे. भोपाळच्या नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी नंबर आहे, दाखवू?

घाणीचंही एकदा सांगून टाकते. वाटते. पहिले काही महिने वाटते, मग नाक शिकतं. ज्यांनी स्वतःच्या मुलांचं केलं, सासऱ्यांचं केलं, त्याच बायका मला हे कसं विचारतात, ते मला कळत नाही. घरचं केलं की कर्तव्य, पगार घेऊन केलं की घाण.

22 मार्च 2020 ला संध्याकाळी पाच वाजता आमच्या गल्लीत सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. राजवाड्यावर तर लोक गर्दी करून मिरवणुकीनं फिरले. पुढच्याच आठवड्यात शेजारून सासूबाईंना विचारणा झाली, सूनबाईंची काही दिवस हॉस्पिटलातच राहायची सोय नाही का होणार? हे जाऊ दे.

कारण मला खरं सांगायचंय ते 2023 च्या संक्रांतीचं, आणि त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही.

आमच्याकडे रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी हळदीकुंकू असतं. तीस-चाळीस बायका येतात. मी नर्स आहे हे सासूबाईंनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. विचारलं तर "हॉस्पिटलमध्ये आहे, मॅनेजमेंटला" असं म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खूप भांडले. नवरा म्हणाला, "आईचं वय काढ आणि सोडून दे." मी सोडून दिलं, म्हणजे तोंडानं. मनात मात्र सासूबाईंची फाइल उघडीच होती. त्यांना माझी लाज वाटते, हे मी सात वर्षं धरून बसले होते. आणि खरं सांगायचं तर त्यात मला थोडं बरंही वाटायचं. चूक त्यांची आणि मोठेपणा माझा.

त्या दिवशी मी वाण वाटत होते, स्टीलचे डबे. सगळ्या सतरंजीवर बसलेल्या. एक बाई मात्र खुर्चीवर, जेवणाच्या टेबलाची उंच खुर्ची मागून घेऊन, दोन्ही पाय टेकवून, गुडघे लांब ठेवून बसलेली. मी चेहऱ्याआधी ते बसणं ओळखलं. खुब्याचा गोळा बदललेल्या माणसाला आम्ही असंच बसायला शिकवतो. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांमध्ये उशी. चार महिन्यांपूर्वी, पावसात, मोरीत पडून त्या आमच्या हॉस्पिटलात आल्या होत्या. नऊ दिवस होत्या. बेडपॅन मी दिला, अंग मी पुसलं, केसांचा गुंता सोडवून वेणी घालून दिली. सून यायची संध्याकाळी अर्धा तास. मला त्या "बाळ" म्हणायच्या आणि रात्री घाबरल्या की माझ्या ॲप्रनचं टोक धरून ठेवायच्या. हळदीकुंकवाला कुणाच्या तरी नणंद म्हणून आल्या होत्या.

त्यांनी मला पाहिलं आणि तोंडभर हसल्या. "अगं बाई, सिस्टर! तू इथली?" मग शेजारणीकडे वळून, "ही माझी सिस्टर हो. हिनं माझं काय काय केलंय, विचारू नका." आणि परत माझ्याकडे बघून गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाल्या, "बघ, तू सांगितलंस तशीच बसते हो अजून."

सगळं थांबलं असं नाही. पाच-सात जणींनी ऐकलं असेल, बाकीच्या तिळगूळ आणि भावजयांमध्ये गुंतलेल्या. सासूबाई अत्तरदाणी घेऊन उभ्या होत्या.

मी म्हटलं, "तुमची काहीतरी गल्लत होतेय मावशी."

हसून म्हटलं. ऑफिसात क्लेम नाकारताना फोनवर लावायचे, त्याच आवाजात. तो आवाज अजून आपल्याजवळ आहे, हे मला माहीत नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाल्या, "असेल गं. वय झालं. सगळ्या सारख्याच दिसतात." त्यांनी मला सांभाळून घेतलं. त्यांची पाळी आली तेव्हा मी त्यांना हळदकुंकू लावलं, ओटी भरली, डबा दिला. त्यांनी नमस्कार करायला म्हणून किंचितसं पुढे व्हायला घेतलं, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "वाकू नका." त्या वाकल्या नाहीत. काही बोलल्याही नाहीत.

सगळ्या गेल्यावर कप विसळताना सासूबाई म्हणाल्या, "ती बाई खरं बोलत होती ना?" मी हो म्हटलं. त्या थोडा वेळ कपच विसळत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं केलंस." मला इतका राग आला की हातातली बशी मी ओट्यावर आपटली. त्यांनी मला रागवायला हवं होतं. निदान "माझ्यासाठी खोटं कशाला बोललीस" एवढं तरी म्हणायला हवं होतं. त्यांनी माझ्यावर ढकललेलं खोटं मी आपण होऊन उचललं होतं, आणि त्या मला शाबासकी देत होत्या.

त्या रात्री मी स्वतःला समजावलं की पेशंटची माहिती बाहेर सांगायची नसते, हा तर आमचा नियमच आहे. चारचौघींत त्यांचं बेडपॅनचं, मोरीत पडल्याचं निघायला नको होतं. मी त्यांची अब्रू राखली. दोन-तीन दिवस हे कारण टिकलं. पण त्यांनी तर स्वतःच सांगितलं होतं, आनंदानं. राखायची होती ती माझी अब्रू. आणि ती कशापासून राखायची होती? एक बाई मला ओळखते आणि तिला माझ्याबद्दल माया आहे, यापासून?

2016 मधली मी इथे असती तर म्हणाली असती, बघ, म्हणजे तुलाच लाज वाटते, मग उगाच कशाला आलीस या कामात. तिला माझ्याकडे उत्तर आहे: वॉर्डात मला कधीच लाज वाटलेली नाही, एक दिवस नाही. घरात, हिरव्या शालूत, हातात वाण घेऊन वाटली. ती म्हणेल, हा काही बचाव झाला नाही. नाही झाला. पण दिवाणखान्यात लाज वाटते म्हणून वॉर्ड सोडायचा, हेही मला पटत नाही. आमचं दोघींचं इथे अडतं ते अडतंच.

मावशींना मी भेटले नाही. पत्ता हॉस्पिटलच्या रेकॉर्डमध्ये आहे. तो तिथून काढून स्वतःच्या कामासाठी वापरणं चूक आहे. हे कारण खरं आहे आणि सोयीचंही आहे. ज्यांच्या नणंद म्हणून त्या आल्या होत्या, त्या काकू मला आठवड्यातून दोनदा भाजीवाल्यापाशी भेटतात. त्यांना विचारलं तर पत्ता एका मिनिटात मिळेल. दोन वर्षं होऊन गेली.

म्हणून तुम्ही "नर्स का झालात" असं विचारता तेव्हा मला चिडायला होतं. झाले की नाही, याचंच मी अजून बघतेय. आणि तुम्हाला तिथे बाबांची गोष्ट हवी असते.

सासूबाईंचं म्हणाल तर त्या आता समोरच्या-शेजारच्यांना बीपी बघायला आमच्याकडे पाठवतात. परवा समोरच्या काकू आल्या, जिना चढून दमलेल्या. 150 वर 96 आलं. काकूंनी कौतुकानं विचारलं, "हे सगळं येतं हो तुला?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "असतं तिच्याकडे मशीन. मॅनेजमेंटला लागतं." मी कफमधली हवा सोडली आणि म्हटलं, "पाच मिनिटं शांत बसा काकू, बोलू नका. परत बघते."