उद्या सकाळी नऊला, कॉलनीच्या ग्राउंडवर

शनिवार, रात्रीचे अकरा वाजून गेलेत.

झोप लागणार नाही हे संध्याकाळीच कळलं होतं, म्हणून लिहायला बसलोय. हात दोनदा साबणानं धुतले तरी नखातला मुरूम निघंना, आणि धुम्मस मारून मारून खांदे भरून आलेत. पण उद्या नांदेडची फुटबॉल टीम आमच्या ग्राउंडवर खेळायला येतीय, पूर्णेला, रेल्वे कॉलनीच्या ग्राउंडवर, त्यामुळं खांदे दुखले तर दुखू द्या.

या टूर्नामेंटला पहिली चिठ्ठी ज्याची निघल त्याचं ग्राउंड असतं. चिठ्ठ्या काढल्या त्या दिवशी मी तिथंच उभा होतो. पहिलं नाव आमचं निघालं. मग त्या पोरानं दुसऱ्या चिठ्ठीला हात घातला तेव्हा माझी छाती अशी धडधडायला लागली की शेजारच्यालाही ऐकू गेलं असल. "नांदेड" म्हणाला आणि आमची सगळी पोरं एकदम ओरडली. आनंदानं का भीतीनं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

बाहेरच्या माणसाला पूर्णा म्हणजे जंक्शन, गाडी थांबते, अकोल्याकडं जाणारे उतरतात, चहा पितात, संपलं. आमच्यासाठी मात्र सगळ्या गोष्टीचं उत्तर नांदेड आहे. जास्त आजारी पडलं की नांदेड, कॉलेजला नांदेड, लग्नाचा बस्ता नांदेड. जेमतेम तीसेक किलोमीटर. आबा, म्हणजे माझे वडील, लोको शेडला होते, मीटरगेजच्या काळात कॉलनी कशी गजबजलेली असायची ते अजून सांगत असतात. मग मीटरगेज गेली, २००३ ला नांदेडला रेल्वेचं डिव्हिजन झालं, साहेब लोकं तिकडं बसले. नदीचंही तसंच, आमची पूर्णा पुढं जाऊन गोदावरीला मिळते आणि गोदावरी तशीच नांदेडला जाते. शाळेत नकाशात हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं, की आपलं पाणीपण तिकडंच चाललंय.

आणि ते पोरगं. त्याचं नाव इथं लिहीत नाही, त्याला उद्या खेळायचंय. आमच्या क्वार्टरच्या मागच्या लाइनीत राहायचा, वडील लवकर गेले, आई शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करते. आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून ग्राउंडवर अनवाणी यायचा आणि बॉल त्याच्या पायापासून सुटायचाच नाही, आम्ही मोठी माणसं आपला खेळ थांबवून त्याला बघत उभी राहायचो. दोन वर्षांपूर्वी नांदेडवाल्यांनी त्याला नेलं. बूट दिले, कॉलेजला ॲडमिशन, राहायला रूम, महिन्याला थोडेफार पैसे. त्याच्या आईला मीच सांगितलं होतं, वहिनी जाऊ द्या त्याला, इथं आपण त्याला काय देणार? त्याची बॅग पॅसेंजरमध्ये मीच चढवली. उद्या तो त्यांच्या नऊ नंबरच्या जर्सीत आमच्या गोलकडं पळत येणार.

आज दुपारी त्याची आई घरी आली होती. दारातच उभी राहिली, पदराला हात पुसत म्हणाली, "भाऊजी, उद्या मी कुन्या बाजूला बसू?" मला काही बोलणंच सुचंना. आतून आबा म्हणाले, "तू माझ्यापाशी बस माय. कॉर्नरच्या झेंड्यापाशी खुर्ची टाकायलोय मी. तिथून दोन्ही बाजू दिसतात."

आता थोडं वेगळं सांगतो, पण आहे याच्याशीच जोडलेलं. मी ट्रॅनमेअरवाला आहे, म्हणजे इंग्लंडच्या ट्रॅनमेअर रोव्हर्स या फुटबॉल क्लबचा फॅन. मित्रांना माहितीय, बाकीचे विचारतात ही कुठली टीम. २००१ ला मी औरंगाबादला होस्टेलवर होतो, अख्खं होस्टेल मँचेस्टर युनायटेडचं नाहीतर लिव्हरपूलचं, आणि एका रात्री टीव्हीवर एफए कपच्या, म्हणजे तिकडच्या लहानमोठ्या सगळ्या क्लबांच्या नॉकआउट टूर्नामेंटच्या, हायलाइट्स लागल्या. एव्हर्टन विरुद्ध ट्रॅनमेअर रोव्हर्स. मर्सी नदीच्या एका काठाला लिव्हरपूल शहर, तिथं लिव्हरपूल आणि एव्हर्टन हे दोन बलाढ्य क्लब, आणि समोरच्या काठाला बर्कनहेड, जहाजं बांधणाऱ्यांचं गाव, तिथली ही ट्रॅनमेअर. कित्येक वर्षं घरच्या मॅचेस शुक्रवारी रात्री खेळायचे, कारण शनिवारी लोकं नदी ओलांडून मोठ्या टीमा बघायला जायचे. तर २७ जानेवारी २००१ ला हे लोक एव्हर्टनच्याच गुडिसन पार्कवर गेले आणि ३-० नं जिंकून आले. त्यातले दोन गोल स्टीव्ह येट्सचे, जो बॅकीला खेळायचा, आणि एक जेसन कूमासचा. पुढच्या राउंडला साउदॅम्प्टननं हाफटाइमला ३-० लीड घेतली होती, ती मॅच यांनी ४-३ नं फिरवली, पॉल राइडआउटनं एकट्यानं तीन मारले. आणि त्याच सीझनला ट्रॅनमेअर लीगमध्ये सगळ्यात खाली राहून खालच्या डिव्हिजनला गेली. हे मला तेव्हा फार लागलं होतं, अजून लागतं. वर्षभराचा हिशोब केला तर शेवटचा नंबर, आणि त्या एका दुपारी नदीपलीकडच्यांपेक्षा तीन गोलनं भारी.

डिक्सी डीनचं मला नंतर कळलं. तो बर्कनहेडचा, ट्रॅनमेअरचा पोरगा, १९२५ ला ३,००० पौंडांत एव्हर्टननं नेला आणि १९२७-२८ च्या एका सीझनमध्ये त्यानं लीगमध्ये ६० गोल मारले, तो रेकॉर्ड आजपर्यंत कुणाला मोडता आला नाही. ते वाचलं त्या दिवशी मी उठून बाहेर गेलो आणि ग्राउंडला एक चक्कर मारून आलो. कारण नेमक्या त्याच महिन्यात आमच्या पोराची बॅग मी गाडीत ठेवली होती.

०-६ पण मी विसरलेलो नाही. जानेवारी २०२० ला मँचेस्टर युनायटेड प्रेंटन पार्कला आली, ट्रॅनमेअरचं ग्राउंड चिखलानं भरलेलं, सगळे म्हणत होते या चिखलात मोठ्यांची गंमत होईल, आणि युनायटेडनं सहा मारले. खराब ग्राउंड कुणाला वाचवत नाही.

तेच आमच्या ग्राउंडचं. आमची माती काळी. पावसाळ्यात चिखल आणि हिवाळा निम्मा सरला की भेगा, काही भेगांत अख्खी टाच जाते. सगळ्यात वाईट भेग उत्तरेकडच्या गोलपुढं आखलेल्या डीपाशी, उजव्या बाजूला, दीड-दोन हात लांब. आमची सगळी पोरं तिथून पळताना आपोआप एक पाय लांब टाकतात, बघणाऱ्याला कळतपण नाही. चार दिवसांपूर्वी टीममधल्या एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, काका, बाकीच्या भरू पण तेवढी एक राहू द्या, त्यांचे फॉरवर्ड तिथंच अडकतील. मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मला ते पटलेलं होतं.

परवा रात्री जेवताना आबांना बोललो. ते जेवायचे थांबले. म्हणाले, "तिथं कुनाचा गुडघा गेला तर कुनाचा जाईल, सांग. तिथूनच आत घुसायची सवय कुनाची हाय?" मी गप. तो लहानपणापासून तिथूनच आत घुसतो, त्याच उजव्या बाजूनं, डाव्या पायावर बॉल घेऊन. आणि भेग तिथं आहे हे त्याला माहितीय, पण दोन वर्षं तो चांगल्या ग्राउंडवर पळालाय, पायाची सवय जाते.

म्हणून आज चार वाजल्यापासून आम्ही सहा जण तिथं होतो. आधी भेगेत पाणी सोडलं, माती फुगू दिली, मग मुरूम आणि काळी माती मिसळून थर टाकला, धुम्मस, परत पाणी, परत थर, परत धुम्मस. चार थर बसले. शेवटी मी बूट घालून तिथं दहा-बारा वेळा पळून बघितलं, दोन्ही पायांवर वळून बघितलं. घट्ट आहे. अंधार पडता पडता फक्की मारली, डीची रेघ थोडी वाकडी आलीय, सकाळी नीट करतो.

टीमबद्दल लिहायचं राहिलंच. आमचा गोली पेट्रोल पंपावर नाइटला असतो, आज त्याची ड्यूटी दुसऱ्यानं घेतलीय, देव त्याचं भलं करो. स्टॉपर रेल्वेत ट्रॅकवर काम करतो, त्याची रेस्ट उद्या आहे, नशीब. हाफला खेळणारी दोन्ही पोरं अजून कॉलेजची, दम चांगला आहे पण पहिली पंधरा मिनिटं घाबरतात, तेवढी निभली की मग ती कुणाचं ऐकत नाहीत. नांदेडवाले खालून पासिंग करत येतात, छोटे छोटे पास, बघायला सुंदर. त्यांना मधे जागा दिली की संपलं, म्हणून मधे चारच्या ऐवजी पाच ठेवायचे आणि वर एकटाच फॉरवर्ड, असं ठरलंय.

आणि आमचं खरं हत्यार म्हणजे राइट बॅकचा थ्रो. साइडलाइनवरून थेट गोलपुढं बॉल टाकतो, आणि थ्रो-इनला ऑफसाइड नसतो, त्यामुळं आमचा उंच स्टॉपर आधीच गोलीच्या अंगाला अंग लावून उभा राहतो. हे मी ट्रॅनमेअरवरूनच उचललंय. त्यांचा डेव्ह चॅलिनर, त्याचा ४६.३४ मीटर थ्रो मोजून वर्ल्ड रेकॉर्ड म्हणून नोंदला गेला होता, आणि बॉल पुसायला त्याच्यासाठी लाइनीपाशी टॉवेल ठेवायचे. सकाळी नऊला आपल्याकडं गवतावर दव असतं, बॉल हातातून निसटतो. म्हणून मी पण चार टॉवेल घडी करून पिशवीत ठेवलेत, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. बायको म्हणाली नवीन टॉवेल का नेताय, जुने पुसत नाहीत का. जुने पाणी धरत नाहीत म्हणालो. मग तिनंच एक पाचवा आणून दिला.

आबांना वाटतं या सगळ्यापेक्षा दोन्ही पाय चालले पाहिजेत. आजोबा निजाम स्टेट रेल्वेत होते, मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच, आणि फुटबॉल आमच्या घरात तिकडूनच आला. हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ सलग पाच वेळा मुंबईत जाऊन तिथली रोव्हर्स कप ही टूर्नामेंट जिंकली, कोच सय्यद अब्दुल रहीम. हेच रहीम साहेब पुढं भारताचे कोच, १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर आणि १९६२ ला जकार्ताला एशियाडचं गोल्ड. ते पोरांच्या अशा मॅचेस घ्यायचे की ज्यात फक्त कच्च्या पायानंच मारायचं. आबांनी ते आजोबांकडून ऐकलं आणि कॉलनीतल्या तीन पिढ्यांकडून करून घेतलं, दर गुरुवारी फक्त डावा पाय. नांदेडनं नेलेल्या त्या पोराचा डावा पाय पण याच ग्राउंडवर, आबांच्याच शिव्या खाऊन तयार झालाय. मला हे कुणाला तरी सांगायचंच होतं. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला लोकं गर्दी करतात, आपल्याकडं इतकी जुनी नाळ असून उद्या तीनशे माणसं आली तरी मी खूश.

माझं प्रेडिक्शन १-१ आणि टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी मारून निकाल. तिकडं एफए कपला पूर्वी ड्रॉ झाली की रिप्ले असायचा, लहान टीमला मोठ्याच्या घरी जाऊन गेटच्या पैशात वाटा मिळायचा, २०२४-२५ पासून तोही बंद केला, मला मनापासून वाईट वाटलं. आपल्याकडं तर थेट टायब्रेकरच. आणि टायब्रेकरला आमचा गोली चांगला आहे, तो शेवटपर्यंत हलत नाही.

एवढं लिहीपर्यंत फोन वाजला. त्याचाच.

"काका, झोपला नव्हता ना?"

"नाही रे. तू का जागायलास? उद्या मॅच हाय तुझी."

थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, उत्तरेच्या डीपाशी ती भेग अजून हाय का? इथं कुणाला सांगितलं नाही मी. फक्त विचारायलो."

म्हणालो, "भरली. आज मीच भरली, पळून बघितलंय. बिनधास्त पळ तू."

"बरं," म्हणाला. आणि मग, "आई कुठं बसणार हाय?"

"आबांपाशी, कॉर्नरला."

"कुठल्या कॉर्नरला?"

"उत्तरेच्या."

हसला तो, लहानपणी हसायचा तसाच, आणि फोन ठेवला. पहिल्या हाफला तो उत्तरेकडं अटॅक करणार का दुसऱ्या, ते टॉसवर आहे. आमच्या स्टॉपरला मी सकाळी सांगणारय, त्याला डाव्या पायावर येऊ देऊ नको, काही झालं तरी उजव्यावर ढकल. अलार्म पाचचा लावलाय. डीची रेघ सरळ करायचीय, आबांची खुर्ची न्यायचीय, आणि आता एक नाही, दोन खुर्च्या.