प्रकाशनसूची क्रमाने वाचताना

एखाद्या संशोधकाची प्रकाशनसूची समोर आली, की आमच्या ग्रंथालयात येणारे बहुतेक पीजी विद्यार्थी आधी एच-इंडेक्स पाहतात. होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेल्या या आकड्याचा हिशेब सोपा आहे : ज्याचे तीस निबंध प्रत्येकी किमान तीस वेळा उद्धृत झाले आहेत, त्याचा एच-इंडेक्स तीस. वडोदऱ्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अनेक वर्षे निबंध शोधून देण्याचे काम केल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे, की हा आकडा संशोधकाचा दबदबा सांगतो, पण तो कोणत्या प्रश्नामागे लागला आहे हे मात्र सांगत नाही.

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातल्या आमच्या शेजाऱ्यांची मुलगी आली. ती छातीरोग विभागात रेसिडेंट आहे आणि लठ्ठपणा व दमा या विषयावर प्रबंध करते आहे. ‘‘काकू, अनुराग अग्रवाल यांचे सगळे पेपर काढून द्याल का?’’ असे तिने विचारले. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्र-संशोधन संस्थेचे संचालक राहिलेल्या आणि २०१४ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळालेल्या या डॉक्टर-संशोधकाचे काम चयापचय आणि श्वसनविकार यांच्या नेमक्या सांध्यावरचे आहे. मी तिला सगळे पेपर न देता चारच दिले आणि सालांच्या क्रमाने वाचायला सांगितले.

त्यातला पहिला, २००८ चा निबंध अग्रवाल यांचा नाहीच. तो त्याच संस्थेतल्या बलराम घोष यांच्या गटाचा असून, उंदरांमध्ये ॲलर्जीजन्य दमा निर्माण केल्यावर श्वासनलिकेच्या पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियांची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांची, रचना आणि काम दोन्ही बिघडतात, असे त्यात दाखवले आहे. २०११ मध्ये अग्रवाल, घोष आणि आधीच्या निबंधाचे पहिले लेखक मबालिराजन यांची नावे चयापचय विकार आणि दमा यांच्या संबंधावरील एका आढावा-लेखावर एकत्र दिसतात. एकाच माणसाच्या नावाने पबमेड ही वैद्यकीय निबंधांची ऑनलाइन सूची चाळणाऱ्याच्या हातून हा दुवा हमखास निसटतो, कारण प्रश्नाचा उगम शेजारच्या प्रयोगशाळेत झालेला असतो. २०१४ चा निबंध एम्बो जर्नलमधला आहे : मूलपेशी आपले निरोगी मायटोकॉन्ड्रिया अतिशय बारीक नलिकांतून श्वासनलिकेच्या आजारी पेशींना पोहोचवतात आणि ही वाहतूक मिरो-१ या प्रथिनावर अवलंबून असते. हे प्रथिन वाढवले की उपचाराचा गुण वाढतो, कमी केले की तो ओसरतो.

चौथा, २०१५ चा प्लॉस वनमधला निबंध मला सर्वांत मोलाचा वाटतो, जरी त्या नियतकालिकाचे नाव ऐकून कुणाचे डोळे विस्फारत नाहीत. उंदरांच्या एका गटाला साधे खाद्य, दुसऱ्याला भरपूर चरबीचे आणि तिसऱ्याला भरपूर फ्रुक्टोजचे खाद्य १८ आठवडे दिले गेले. लठ्ठ झाले ते फक्त चरबी खाणारे; फ्रुक्टोज खाणाऱ्यांचे वजन बेताचेच राहिले, पण रक्तातली साखर, इन्सुलिन आणि स्निग्धांश दोन्ही गटांत वाढले आणि श्वासनलिका चटकन आकसण्याची प्रवृत्तीही दोन्ही गटांत दिसली. फुप्फुसांत दाहक पेशी मात्र साठल्या नव्हत्या. म्हणजे वजन बेताचे असले, तरी चयापचयाच्या बिघाडाने श्वासनलिका हळवी होऊ शकते. उंदरांवरून माणसांबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही, हे खरेच. पण माणसांत काय मोजावे, हे यातून नक्की कळते.

इथे मला पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवले. त्यांनी आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचीच मापे दिली होती : दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. श्वसनविकाराशी त्या टिपणाचा संबंध नाही, म्हणून दम्याच्या शोधात ते कधीच सापडले नसते; तरीही मी त्याची प्रत काढून तिच्या हातात दिली.

तिच्या रुग्णपत्रकात फक्त उंची आणि वजन यांचे रकाने होते. चारही निबंध वाचून झाल्यावर तिने गाईडशी बोलून कमरेचा घेर, रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर हे रकाने वाढवले आहेत, आणि बारीक अंगाच्या दमेकऱ्यांनाही आपल्या अभ्यासात घ्यायचे ठरवले आहे.