एकच चंद्र

शनिवार, ३ जानेवारी २०२६. शाकंभरी पौर्णिमा. सातारा.

रात्रीचे साडेनऊ झालेत. गच्चीवरून आत्ताच खाली आले, बोटं अजून गारठलेली आहेत, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं येतंय. पण आज लिहायचंच होतं.

सुरुवात झाली ४ डिसेंबरला. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार आणि दत्तजयंती एकाच दिवशी आली होती. सूर्यास्ताला आळीतल्या दत्ताच्या देवळात पाळणा झाला, सुंठवडा घेऊन घरी आलो, मग महालक्ष्मीच्या घटासमोर पोथी वाचली. सगळं आवरल्यावर आई (माझ्या सासूबाई) म्हणाल्या, "मला वर ने गं. चंद्र बघायचाय."

नोव्हेंबरात त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. त्याआधीची दोन-तीन वर्षं त्यांना चंद्र एक दिसतच नसे. एकावर एक सरकलेले तीन दिसत आणि भोवती पसरलेला धुरकट उजेड. कोजागरीला त्या वर बघायच्याच नाहीत. "मी आपली दुधातला बघून घेते," म्हणायच्या, आणि भांड्यावर वाकायच्या.

त्या रात्री माझा दंड धरून एकेक पायरी चढल्या. वर पोचल्यावर मान उचलली आणि म्हणाल्या, "अगं, एकच आहे की!"

मग कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत. चंद्राजवळ रोहिणी लुकलुकत होती, तीही त्यांना दिसली. मी शेजारी उभी होते. थंडी वाजत होती, खाली भांडी पडली होती, तरी मला जावंसं वाटलं नाही. गेली काही वर्षं मी शांत बसायला शिकायची धडपड करते आहे. श्वास मोजले, जप केला, पहाटेचे गजर लावले. मन म्हणून टिकायचं नाही. त्या रात्री मात्र मी काही करतच नव्हते. त्यांना दिसतंय ते आपणही बघावं, एवढंच.

हिवाळ्यातला पूर्ण चंद्र इतका वर का चढतो, ते मला फार आवडतं. सूर्य दक्षिणेला गेलेला असतो आणि पौर्णिमेचा चंद्र बरोबर त्याच्या समोर. म्हणून जूनमध्ये सूर्य ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने डिसेंबरात चंद्र जातो. मध्यरात्री तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाशी गोळा होते.

धुंधुरमासाचा स्वयंपाक आम्ही २१ डिसेंबरला केला. रविवार होता आणि वर्षातला सगळ्यात लहान दिवसही. आपल्याकडे हा दिवस काही फार आखूड नसतो, अकरा तासांचा असतोच. पण उत्तरायण खरं तिथूनच सुरू होतं. संक्रांत कधीकाळी याच दिवशी यायची, साधारण १७०० वर्षांपूर्वी. दर ७२ वर्षांना एकेक दिवस सरकत ती १४ जानेवारीवर आली. आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "सरकू दे, सूर्याला नैवेद्य कधीही चालतो."

साडेचारला उठलो. मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, लेकुरवाळी भाजी, वांग्याचं भरीत, घरचं लोणी. सगळं सूर्य उगवायच्या आत तयार हवं. आणि साडेसहाला ते झालंही. ताटं वाढून झाकली, गॅस बंद केला. आता सूर्य येईपर्यंत करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला वाटतं, या सणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हा अर्धा तास आहे. गच्चीत सतरंजीवर आम्ही पाच जणं शालीत गुरफटून बसलो होतो. खिचडीच्या पातेल्यावरच्या झाकणातून वाफ निसटत होती. मुलगासुद्धा गप्प होता. जरंडेश्वराच्या डोंगराच्या बऱ्याच उजवीकडे आभाळ तांबूस झालं, मग पिवळं, आणि सातच्या सुमारास किरण थेट भाकरीवर पडले. तीळ चमकले. आईंनी हात जोडले. लोणी तेवढ्यात कडेने वितळायला लागलं होतं.

त्या दिवशी चंद्र कुठे होता म्हणाल तर नव्हताच जवळजवळ, अमावास्या नुकतीच सरली होती. त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही दोघी कोर शोधायला वर जायला लागलो. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. ठरवून काही नाही.

आज शाकंभरी पौर्णिमा. आमची कुलदेवी बदामीची बनशंकरी, तिला पुष्कळ भाज्यांचा नैवेद्य असतो. मंडईत मला अकरा मिळाल्या. ओला हरभरा सोलायला आई बसल्या, आणि या वेळी एकही किडका दाणा त्यांच्या नजरेतून सुटला नाही.

रात्री वर गेलो तेव्हा चंद्राच्या खालच्या अंगाला गुरू होता, पिवळसर, न लुकलुकणारा. "ते काय गं?" "गुरू, आई." त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि उभ्या राहिल्या. मीही उभी राहिले.

उतरताना म्हणाल्या, "उद्या तासाभराने उशिरा उगवेल. तेवढ्यात दूध विरजून होईल. मग येऊ."

दूध तापवून ठेवलंय, ते बघून झोपते.