३० सेकंदांचा हँग अखेर सापडला (१ टीबी डिस्क, अपडेट)

मंडळी, तीन आठवडे डोकं खाणारी ती १ टीबीची डिस्क काल रात्री पावणेदोनला ताळ्यावर आली. काकांनी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचं, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं शूटिंग ठेवलेली, तीच.

मोठी फाईल कॉपी करताना मधेच बरोबर ३० सेकंद सगळं थांबायचं, मग डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या कर्नलचा लॉग) 'राईट एफपीडीएमए क्यूड' (रांगेत लावलेली लिहायची कमांड) फेल, डिस्कची लिंक रिसेट, आणि असं चारपाच वेळा झालं की लिंक १.५ जीबीपीएसवर उतरायची. स्मार्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) बघावं तर कोरं. ५ नंबर (बदललेले खराब सेक्टर) शून्य, १९७ (संशयित सेक्टर) शून्य, १९९ (सीआरसी, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) पण शून्य. सीआरसी एरर वाढत नाही म्हणजे केबल ठीक, तरी दोन केबली बदलून बघितल्या. मग वाटलं शेजारचे यंत्रमाग चालू झाले की व्होल्टेज पडतं, त्याचंच असणार. मल्टीमीटर लावून बसलो. हँगच्या वेळी १२ व्होल्टची लाईन ११.९ वर, ५ व्होल्टची ५.० वर, काटा म्हणून हलला नाही. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) संशयातून सुटला.

रस्ता सापडला तो क्यू डेप्थ (डिस्ककडे एका वेळी किती कमांड रांगेत द्यायच्या तो आकडा) ३१ वरून १ केल्यावर. रात्रभर कॉपी चालली, एकदाही अडकली नाही! म्हणजे एका वेळी बऱ्याच कमांड आल्या की गडबड. पण हे कंट्रोलरमुळंही (बोर्डावरची डिस्क चालवणारी चिप) होतं, म्हणून भावाच्या पीसीला लावली, तिथंही तेच. मग स्मार्टसीटीएलचा (स्मार्ट वाचायची कमांड) ड्राईव्हडीबी (त्यातली डिस्क मॉडेलांची यादी) अपडेट केला आणि आउटपुटच्या वरच्या भागात ओळ आली, या डिस्कला नवीन फर्मवेअर (डिस्कच्या आतला प्रोग्रॅम) असू शकतं. सगळ्यांनी ड्राईव्हडीबी ताजा ठेवा, जुन्यात मला ही ओळ दिसतच नव्हती.

आधी बॅकअप. डेप्थ १ वरच ठेवून डीडीरेस्क्यूनं (अख्ख्या डिस्कची कॉपी काढणारा प्रोग्रॅम) कॉपी, तीन तास लागले, काकांचं सगळं शूटिंग सुखरूप. नंतर फर्मवेअर अपडेटरची आयएसओ (बूट करायची डिस्क इमेज) बूट केली तर त्याला डिस्कच दिसेना. यूएसबी डॉकवर (डिस्क यूएसबीला जोडायचा स्टँड) तर नाहीच नाही (डॉक कॉपीला चांगला, निदानाला त्याच्यावर विसंबू नका, बरेच डॉक सगळ्या कमांड पुढं जाऊ देत नाहीत). दोन संध्याकाळी यातच गेल्या. अपडेटर डॉसवाला, त्याला एएचसीआय (साटा डिस्कशी बोलायची नवी पद्धत) कळत नाही आणि माझ्या बोर्डावर आयडीई मोडच (जुनी पद्धत) नाही. शेवटी मंगळवार बाजारातून एक जुना कोअर टू ड्युओचा बोर्ड उचलला, बायोसमध्ये आयडीई केलं, आणि आली की डिस्क! यूपीएस लावला, फ्लॅश केलं, पूर्ण पॉवर काढून परत चालू केलं.

फर्मवेअरच्या व्हर्जनचा नंबर बदललेला बघून जीव भांड्यात पडला. सॅमसंगच्या एचडी२०४यूआयला २०१० साली पॅच आला तेव्हा नंबर तोच राहिला होता, त्यामुळं पॅच बसलाय की नाही नुसतं बघून कळायचं नाही. इथं तसं नाही. डेप्थ परत ३१, २०० जीबी कॉपी, डीमेसेज एकदम शांत. ती शांतता बघत मी बराच वेळ बसलो होतो.

साटा कार्ड (वेगळा डिस्क कंट्रोलर) मागवणार होतो ते आता रद्द. पुढं काकांना डिस्क परत द्यायचं ठरवलेलं, पण हे लिहिता लिहिताच आठवलं, कपाटात याच मॉडेलची अजून एक डिस्क आहे आणि तिच्यावर जुनंच फर्मवेअर असणार. तिला अपडेट नाही करत. दोन्ही एकाच बोर्डाला, त्याच केबलवर, डेप्थ ३१ ठेवून तीच २०० जीबी टाकून बघतो. जुनी अडकली आणि ही नाही अडकली तर मग फर्मवेअरच. रविवारी लावतो.