बारा लाख वर्षांचा बर्फ आणि त्याचे रडार

माझी नोकरी अँटेनांच्या आराखड्यांची. पण बर्फातून आरपार पाहणाऱ्या रडारचे गणित कागदावर मांडून पाहिले ते जानेवारी २०२५ मधील एका बातमीनंतर. अंटार्क्टिकातील लिटल डोम सी येथे युरोपीय पथकाने २,८०० मीटर खोल जाऊन बारा लाख वर्षांहून जुना बर्फ वर काढला होता. तेथेच छिद्र का घ्यावे, हे ठरवण्यात रडारने केलेल्या पाहणीचा मोठा वाटा होता.

बर्फ जितका जाड तितका तळचा थर जुना, असे सहज वाटते. प्रत्यक्षात फार जाड बर्फ गोधडीसारखा पृथ्वीच्या पोटातील उष्णता कोंडून धरतो, तळ वितळतो आणि नेमका जुना बर्फच पाणी होऊन निघून जातो. त्यामुळे जाड, तरीही तळाशी गोठलेला बर्फ शोधावा लागतो.

बर्फात रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे १६८ मीटर जाते, म्हणजे २,८०० मीटरवरून परतायला तिला सुमारे ३३ मायक्रोसेकंद लागतात. इतक्या खोलवर जाण्यासाठी लांब स्पंद, म्हणजे रेडिओलहरींचा अधिक काळ चालणारा झोत हवा, कारण त्यात ऊर्जा अधिक मावते. पण एकाच अँटेनाने दहा मायक्रोसेकंद प्रक्षेपण केले, तर तेवढ्या वेळात वरच्या ८४० मीटरमधून परतणारे प्रतिध्वनी ऐकूच येत नाहीत. म्हणून वरच्या थरांसाठी आखूड आणि खोल थरांसाठी लांब स्पंद आळीपाळीने सोडतात, आणि लांब स्पंदाची वारंवारता चढत्या शिट्टीसारखी बदलत नेतात, म्हणजे नंतर गणिताने तो आवळून बारीक करता येतो.

किती बारीक, हे वारंवारतेच्या पट्ट्याची रुंदी ठरवते. २०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला तर सुमारे ४२ सेंटिमीटर, म्हणजे त्याहून जवळचे दोन थर रडारच्या चित्रात एकाच रेघेत मिसळतात. ऐकायला उत्तम, मात्र लिटल डोम सीच्या तळाकडे एका मीटरमध्ये तेरा हजार वर्षांपर्यंतचा काळ दाबला गेला आहे, म्हणजे माझ्या कागदावरच्या रडारला तेथे साडेपाच हजार वर्षे एकच रेघ म्हणून दिसतील!

त्यातच तळाजवळचा बर्फ तुलनेने उबदार असल्याने लहरी अधिक शोषतो, आणि अनेक ठिकाणी खडकालगतच्या पट्ट्यात थरांच्या रेघा अजिबात उमटत नाहीत. तेथे थर खरोखरच विस्कटले आहेत की त्यांचा क्षीण प्रतिध्वनी आपल्याच ग्राहकयंत्राच्या गोंगाटात बुडाला आहे, हे सांगायचे तर आधी तो गोंगाट काटेकोर मोजलेला असावा लागतो.