जिंगडेझेनला भांडं आधी उलटं करून बघतात

गेल्या नोव्हेंबरातल्या एका सोमवारी पहाटे पावणेपाचला मी चीनमधल्या जिंगडेझेन या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावात, जुन्या वस्तूंच्या बाजारात उकिडवी बसले होते. रस्त्यावर दिवा नाही. समोर जमिनीवर अंथरलेली चादर, चादरीवर दोन-तीनशे खापऱ्या, आणि भोवती बसलेल्या प्रत्येकाच्या हातात टॉर्च. कुणी मोठ्याने बोलत नाही. खापरी उचलायची, उलटी करायची, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि परत ठेवायची. इथले लोक याला भुतांचा बाजार म्हणतात. उजाडलं की तो विरत जातो.

सोबत मावसभाऊ होता. तो सहा वर्षं शांघायला नोकरी करतो आणि चिनी चांगलं बोलतो. "ताई, हा म्हणतोय ही मिंग आहे." मी म्हटलं, "कुठली मिंग ते विचार." मिंग घराणं 1368 पासून 1644 पर्यंत होतं. पावणेतीनशे वर्षांत माती बदलली, निळा रंग बदलला, कुंचला धरायची रीतही बदलली. नुसतं 'मिंग' म्हणणाऱ्याने काहीच सांगितलेलं नसतं.

मी पुण्यात चाकावर भांडी करते. या गावाला जायची ओढ त्यामुळे होतीच, पण निमित्त झालं आत्याकडच्या बरणीचं. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या फुलांच्या फांद्या, बर्फाला तडे गेल्यासारखी नक्षी, पेंद्यावर निळं दुहेरी वर्तुळ आणि त्यात चार चिनी अक्षरं. मुंबईत तिच्या शेजारी राहणाऱ्या पारशी बाईंनी ती तिला दिली होती. घरात सगळे म्हणत, तीनशे वर्षांपूर्वीची आहे, सम्राट कांगशीच्या काळातली. एका विक्रेत्याने ती बघून 'नवी नक्कल आहे' म्हटलं आणि पाच मिनिटांनी स्वतःच विकत मागितली. तेव्हापासून मला यातलं खरं काय ते स्वतःच्या डोळ्यांनी कळायला हवं होतं.

जिंगडेझेन च्यांगशी प्रांतात आहे. सुंग घराण्यातल्या एका सम्राटाच्या 'जिंगदे' या राजवर्षनामावरून, म्हणजे 1004 पासून, गावाला हे नाव मिळालं. जवळच्या काओलिंग डोंगरावरच्या पांढऱ्या मातीचं नाव आज जगभर 'केओलिन' म्हणून चालतं. ही माती आणि इथला कुटलेला दगड एकत्र मळून सुमारे 1300 अंशांवर भाजला की खरी चिनी माती होते. मिंग आणि त्यानंतरच्या छिंग सम्राटांच्या भट्ट्या इथेच होत्या. आणि आज जुन्या भांड्यांच्या सर्वांत चांगल्या नकलाही इथेच होतात. माती तीच, दगड तोच, हाताला वळणही पिढ्यान्‌पिढ्यांचं. म्हणून ओळखणं अवघड जातं.

एक गोष्ट मला तिथे जाईपर्यंत नीट कळली नव्हती. नक्कल म्हणजे फसवणूक, असं इथे कुणी मानत नाही. अठराव्या शतकात युंगचंग आणि च्यानलुंग सम्राटांच्या कारागिरांनी पंधराव्या शतकातल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या नकला केल्या, त्याही दरबारासाठी. मूळ भांड्यांत निळ्या रंगासाठी परदेशातून आलेला कोबाल्ट वापरलेला होता. त्यात लोह जास्त, म्हणून रेषेत मध्येच काळसर ठिपके साकळायचे. नंतरचा कोबाल्ट स्वच्छ असल्याने तसे ठिपके आपोआप येईनात, तेव्हा कारागिरांनी ते कुंचल्याच्या टोकाने मुद्दाम दिले. आजचे कारागीरही तेच करतात. मूळ ठिपका झिलईत, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरात, खोल रुतलेला असतो, खापरी तिरपी धरली की त्यावर धातूसारखी मंद चमक दिसते आणि बोटाला किंचित खळगा लागतो. मुद्दाम दिलेले ठिपके रेषेवर सारख्या अंतराने बसलेले असतात. हा फरक मी पुस्तकांत वाचला होता. पण त्या पहाटे एका हातात जुनी खापरी आणि दुसऱ्या हातात नवी धरली तेव्हा तो पहिल्यांदा माझा झाला.

म्हणून माझा पहिला सल्ला हाच, की अख्ख्या भांड्यांच्या मागे लागू नका, आधी खापऱ्या बघा. अख्खं भांडं आपल्याला फक्त बाहेरून दिसतं. खापरीत मातीचा कस दिसतो, झिलईची जाडी दिसते, रंग झिलईच्या खाली आहे की वर तेही दिसतं. पण खापऱ्याही खोट्या असतात, नवं भांडं फोडून मातीत पुरलेल्या. अशा वेळी तुटलेली कड बघायची. जुनी मोड मळकट आणि बोथट झालेली असते, मळ बारीक खाचांत मुरलेला असतो. ताजी मोड खडीसाखरेसारखी लखलखते, आणि वर चोपडलेला मळ ओल्या बोटाला लागतो.

दुसऱ्या दिवशी एका कार्यशाळेत गेलो. मालक स्वतःचं काम 'फांगगू', म्हणजे जुन्या धर्तीचं, असं सांगूनच विकतो. त्याने दुपारभर शिकवलं. त्याच्या टेबलावरची पहिली रीत ही, की भांडं हातातून हातात द्यायचं नाही. एकाने ते टेबलावर ठेवून हात काढायचा, मग दुसऱ्याने उचलायचं. पडलं तर कुणाच्या हातून, हा प्रश्नच येत नाही. तुम्हीही कुठल्याही दुकानात हे पाळा, अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवा. दुकानदाराची नजर तेवढ्यानेच बदलते.

त्याने भांडं उचललं की आधी उलटंच केलं. भांडं ज्यावर टेकतं त्या बैठकीच्या कडेला झिलई नसते, तिथे उघडी माती बोलते. मिंग आणि त्याआधीच्या युआन घराण्याच्या काळातल्या बऱ्याच भांड्यांत झिलई संपते तिथे नारिंगी-तांबूस रेघ असते. मातीतलं लोह भट्टीत तिथे वर येतं, रेघ कुठे जाड, कुठे पुसट, कुठे नाहीशीच. खोटी रेघ कुंचल्याने काढलेली, सगळीकडे सारखी. कांगशी काळातल्या चांगल्या भांड्यांची कड गोल घासलेली असते, तिला इथे मुरीच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या त्या निसरड्या माशाच्या, पाठीची उपमा देतात. बोट फिरवलं की उपमा लगेच पटते.

मग त्याने माझा हात एका मोठ्या बरणीत घालायला लावला. जुन्या काळी मोठी भांडी चाकावर दोन-तीन भागांत करून ओल्या मातीने जोडत. बाहेरचा सांधा तासून जातो, आतला आडवा उंचवटा हाताला लागतो. साच्यात ओतून केलेल्या भांड्यात असा आडवा सांधा नसतो. भिंती सगळीकडे सारख्या जाडीच्या असतात, बाहेरून उभी साच्याची रेघ कधीकधी उरते, आणि वजन हाताला अनपेक्षित लागतं. मात्र महागातले नक्कलकार आजही चाकावरच करतात आणि सांधाही ठेवतात. सांधा नसणं ही शंका, असणं हा पुरावा नव्हे.

झिलई जुनी दिसावी म्हणून काय करतात तेही त्याने लपवलं नाही. नव्या झिलईची झगझगीत चमक मारायला हायड्रोफ्लोरिक आम्लाचा हात देतात. मग भांडं सगळीकडे एकसारखं मलूल दिसतं, आणि दहापट भिंगाखाली पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात. खरं वापरलेलं भांडं जिथे हात, चमचा, कपाट लागतं तिथेच झिजतं. खोटे ओरखडे पॉलिश पेपरचे, एकाच दिशेने जाणारे. डाग चहाचे किंवा पोटॅशियम परमँगनेटचे. सर्वांत घातक युक्ती मात्र वेगळी: खऱ्या जुन्या भांड्याचा तुटलेला पेंदा, त्यावरच्या सम्राटाच्या नावाच्या शिक्क्यासकट, नव्या अंगाला जोडतात. पेंदाच बघून निर्णय घेणारा तिथे हमखास फसतो. त्यासाठी आतून टॉर्च लावून बैठकीच्या वर गोल रेघ दिसते का ते बघायचं.

शिक्क्यावर विश्वास ठेवून मात्र एक रुपयाही देऊ नका. पूर्वजांचा आदर म्हणून आधीच्या सम्राटाचं नाव घालायची प्रथा शतकानुशतकांची आहे. कांगशी काळातल्या कारागिरांनी मिंग सम्राट चंगह्वाचं नाव लिहिलं, एकोणिसाव्या शतकातल्यांनी कांगशीचं. 1677 मध्ये तर जिंगडेझेनच्या अधिकाऱ्याने भांड्यांवर सम्राटाचं नाव लिहायलाच बंदी घातली होती. त्यामुळे त्या काळातल्या पुष्कळ अस्सल भांड्यांवर दुहेरी वर्तुळ असतं आणि आत काहीच नसतं. हे ऐकलं आणि मला आत्याची बरणी आठवली. फोनवरचे फोटो दाखवले. अक्षरं कांगशीच्या नावाचीच होती, पण चार; त्या काळच्या शिक्क्यात सहसा सहा असतात. त्याने फोटो मोठा करून निळा रंग बघितला, सपाट, छटा नसलेला. कांगशीच्या चांगल्या कामात एकाच निळ्याच्या फिक्या-गडद पाच पायऱ्या असतात. तो म्हणाला, सम्राट ग्वांगशूचा काळ, म्हणजे 1875 ते 1908. मागच्या महिन्यात मी बरणीत हात घालून, पेंदा भिंगाखाली धरून सगळं पुन्हा तपासलं. सांधा आहे, झीज वापराची आहे, आणि सगळ्या खुणा त्याच काळाकडे जातात. विक्रेत्याची 'नवी नक्कल' खोटी ठरली आणि घरातली 'तीनशे वर्षं'ही.

रंगांचंही एक सोपं गणित आहे. झिलईवरचा दुधाळ गुलाबी रंग सोन्यापासून करतात, आणि तो चिनी मातीवर 1720 च्या सुमारास आला. मिंगचा शिक्का आणि अंगावर गुलाबी फुलं, असं भांडं समोर आलं तर पुढे काही बघायची गरज नाही. भिंगाखाली छापील ठिपक्यांची जाळी दिसली तर ते चिकटवलेल्या छापाचं काम. पेंद्यावर इंग्रजीत 'मेड इन चायना' असेल तर भांडं विसाव्या शतकातलं धरून चाला. अमेरिकेच्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव 1891 पासून सक्तीचं झालं, त्याआधी इंग्रजी शब्द लिहायचं कारणच नव्हतं.

शाही भट्ट्यांचं संग्रहालय बघायला एक अख्खा दिवस ठेवा. जुन्या भट्ट्यांसारख्या विटांच्या लांब कमानी आहेत, बांधकामात जुन्या भट्ट्यांच्या विटाही वापरल्या आहेत. जी भांडी सम्राटाकडे जाण्याजोगी ठरली नाहीत ती तिथेच फोडून पुरत. उत्खननात ती सापडली आणि तुकडा तुकडा जोडून मांडली. त्यांच्या खरेपणाबद्दल शंकाच नाही, कारण ती जमिनीतून शास्त्रीय पद्धतीने निघाली आहेत. मी चंगह्वा काळातल्या (1465 ते 1487) जोडलेल्या पेल्यांसमोर बराच वेळ उभी राहिले. याच काळातला एक कोंबडीच्या चित्राचा पेला, तळहातात मावणारा, 2014 मध्ये हाँगकाँगच्या लिलावात 28 कोटी हाँगकाँग डॉलरहून जास्त किमतीला गेला. त्याच्या नकला गावात प्रत्येक वळणावर आहेत. संग्रहालयातून बाहेर पडून लगेच त्या बघा. अस्सल रेषा सैल आणि वेगवान आहे, कोंबडीची पिल्लं दोन फटकाऱ्यांत काढलेली. नकलेतली रेषा मूळ रेषेवर लक्ष ठेवून चालते, म्हणून अडखळते, आणि जिथे थांबते तिथे रंग साचतो.

जाण्यापूर्वी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातली चिनी भांडी दोनदा तरी बघून जा. डोळ्याला आधी खऱ्याची सवय लागली पाहिजे. शांघायला उतरणार असाल तर तिथल्या संग्रहालयाचं चिनी मातीचं दालनही चुकवू नका.

शांघायहून जिंगडेझेन उत्तर स्थानकाला वेगवान रेल्वेने आम्हाला साधारण चार तास लागले. तिकीट पासपोर्टवर निघतं, स्थानकातही पासपोर्टच दाखवायचा. पैसे बहुतेक ठिकाणी फोनवरूनच देतात, त्यामुळे अलीपे हे पैसे द्यायचं ॲप निघण्यापूर्वी भारतातूनच चालू करा. पहाटेच्या बाजारासाठी थोडे रोख युआन ठेवा. बाजार सोमवारी पहाटे भरतो, म्हणून रविवारी संध्याकाळी पोचा; बहुतेक संग्रहालयं मात्र सोमवारी बंद असतात. पहाटे गार असतं. बरोबर पांढऱ्या प्रकाशाची टॉर्च आणि दहापट भिंग हवंच. जेवणात तिखट भरपूर आहे, शाकाहारी माणसाने 'मांस नको, अंडं चालेल' असं चिनीत लिहिलेलं कार्ड ठेवावं.

मी त्या बाजारात एकही जुनी खापरी विकत घेतली नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. 1911 पूर्वीच्या वस्तू चीनमधून बाहेर नेता येत नाहीत, आणि जमिनीतून काढलेल्या मालाचा व्यापारही बेकायदा आहे. हातात घेऊन बघायला कुणी पैसे मागत नाही, तेवढं भरपूर करा. कुणी 'जुनं आहे आणि नेता येईल' म्हणत असेल तर त्यातलं एक वाक्य नक्की खोटं आहे. आपल्याकडे घरात शंभर वर्षांहून जुनं भांडं असेल तर 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होतो, ते परदेशी नातेवाइकांना पाठवता येत नाही. फार मौल्यवान वाटणाऱ्या वस्तूची तापदीप्ती चाचणी, म्हणजे भांडं कधी भाजलं त्याचा अंदाज देणारी चाचणी, करता येते. त्यासाठी भांड्याला बारीक छिद्र पाडून नमुना घेतात, आणि किरणोत्साराचा मारा करून ती चाचणीही चकवता येते. म्हणून प्रमाणपत्राचा कागद बघून भांडं घेऊ नका.

विकत घ्यायचं तर नक्कल म्हणून विकली जाणारी चांगली नक्कल घ्या. मी त्याच कार्यशाळेतून कोंबड्यांचे दोन पेले घेतले. बिलावर 'आधुनिक हस्तकला', वर्ष आणि कार्यशाळेचा शिक्का मागून घेतला. मालकाने प्रत्येक पेला आतून-बाहेरून कागदात, मग पेंढ्यात गुंडाळला. शांघायच्या विमानतळावर बॅग उघडायला लावली. अधिकारी बाईंनी बिल वाचलं, एक पेला सोडवला, उलटा करून पेंदा पाहिला, अंगठा कडेवरून फिरवला आणि परत पेंढ्यात ठेवला.